उस्ता बयूमीचं नितळ रक्त

शक्क तेअबान या दगडकारखान्यांच्या वस्तीतल्या चौथ्या गल्लीत उस्ता, म्हणजे उस्ताद, बयूमीसारखा दगड कापणारा दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट चारचौघांत सांगण्यात त्याच्यासारखा पटाईतही दुसरा नव्हता. चौतीस वर्षं त्यानं ग्रॅनाईट कापला होता. लादीवर बोटाच्या पेरानं टकटक केली की आत चीर कुठं आहे ते तो सांगायचा. सांगितल्या जागी चीर निघाली नाही, तर "लपली हरामखोर" म्हणायचा. छप्पन्न वर्षांचा झाला तरी छाती दरवाजाएवढी रुंद, मिशा पांढऱ्या. त्या म्हाताऱ्या झाल्या म्हणून पांढऱ्या की भुकटीनं, हे दिवसभर तरी कुणाला कळायचं नाही.

"फुप्फुसं?" तो म्हणायचा. "कान लावून बघ. लोहाराचा भाता आहे, भाता!"

आता खरं सांगायचं तर या भात्याला वर्षभरापासून एक खोड लागली होती. बयूमीचं घर बसातीन मोहल्ल्यात, तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना तो दुसऱ्या मजल्यावर थांबायचा आणि शेजाऱ्यांच्या मांजराला शिव्या घालायचा. दोन मिनिटं, कधी तीन मिनिटं. मांजर बरेचदा तिथं नसायचंच.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी विद्यापीठाची पांढरी गाडी गल्लीत शिरली आणि तिच्यातून डॉक्टर रदवा उतरली. कामगारांच्या आजारांवर संशोधन करणारी, तिशीची, किरकोळ अंगाची. गाडीचं दार लावेपर्यंत तिच्या चष्म्यावर भुकटीचा थर बसला. तो पुसत ती म्हणाली, "मला तुमचं थोडं रक्त पाहिजे."

कारखान्यातल्या करवती एकेक करून थांबल्या. चारही बाजूंनी माणसं जमली.

"दगडाची भुकटी छातीत पार तळाशी जाते," रदवानं सांगितलं. "शरीरातल्या पहारेकरी पेशी ती गिळतात. पण दगड कधी पचतो का? त्या झुंजतात, दमतात, काही फुटतात. या झटापटीत एक एन्झाइम रक्तात वाढतं. म्हणजे शरीरात कामं करणारा एक पदार्थ समजा. ते कुणाचं किती वाढलंय हे मला मोजायचंय. एक्स-रेत डाग दिसायच्या आधी रक्त काही चहाडी करतं का, ते बघायचंय."

एन्झाइम हा शब्द गल्लीला नवा होता. कुणीतरी त्याचं 'अझीम' केलं, म्हणजे थोर, आणि तेच नाव पडलं. "माझं अझीम मोठंच असणार," असं दोघातिघांनी लगेच सांगूनही टाकलं.

समोरच्या कारखान्याचा उस्ता फिकरी मात्र हाताची घडी घालून उभा होता. बयूमी आणि फिकरी वीस वर्षं समोरासमोर दगड कापत होते आणि वीस वर्षं एकमेकांचा दगड वाकडा म्हणत होते. फिकरी म्हणाला, "माझं रक्त माझ्यापाशी बरं आहे. त्यानं कुणाचं काय बिघडवलंय?"

"घाबरला!" बयूमी ओरडला. "बघा रे, एवढ्याशा सुईला उस्ता फिकरी घाबरला!"

"मी घाबरलो? मग आधी तू बस."

बयूमीला बसावं लागलं. जगात त्याला एकाच गोष्टीची धास्ती होती आणि ती नेमकी सुई होती. त्यानं तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि दगडांची नावं पुटपुटायला सुरुवात केली, "गलाला, हलायब, गंदोला..." गंदोलाला सुई टोचली तेव्हा त्याचा आवाज जरा वर गेला, एवढंच.

मग रदवानं कागद काढला. किती वर्षं काम, सिगारेट किती, खोकला आहे का. "आणि उस्ता, काही औषधं चालू आहेत?"

बयूमीनं आजूबाजूला पाहिलं. त्याच्या हाताखालची चौदा माणसं आणि समोर फिकरी. सहा महिन्यांपूर्वी घराखालच्या औषधाच्या दुकानात त्यानं गंमत म्हणून दंडाला पट्टा बांधून घेतला होता. दुकानदारानं आकडा बघून भुवया चढवल्या होत्या. तेव्हापासून तो रोज सकाळी बायकोच्या रक्तदाबाच्या पाकिटातली एक गोळी गुपचूप गिळत होता. पण ती गोळी रक्तदाबाची, आणि हा प्रश्न छातीचा. दोन्ही मोहल्ले वेगळे. एकाची बातमी दुसऱ्यात कशाला न्यायची?

"औषध? मला?" तो म्हणाला. "पोरी, बैल औषध खातो का?"

रदवानं 'नाही' लिहिलं. मग फिकरीही बसला, कारण आता न बसून चालणार नव्हतं. त्याच्यामागे रांग लागली. दगडाला हात न लावणारी माणसंही तुलनेसाठी हवी होती, म्हणून रदवानं कोपऱ्यावरचा चहावाला खमीस यालाही बसवला. "मी नुसता चहा करतो बाई," तो तीनदा म्हणाला. "म्हणूनच तुम्ही हवेत," रदवा म्हणाली.

तीन आठवड्यांनी ती निकालांची पाकिटं घेऊन परत आली. प्रत्येकाला बाजूला नेऊन तिनं समजावलं, की नुसत्या आकड्यानं आजार ठरत नाही, तो नुसता इशारा आहे. गुरुवारी दवाखान्यात येऊन एक्स-रे काढायचा, फुप्फुसांचा दम मोजायला नळीत फुंकायचं, मग काय ते बोलू. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिची गाडी वळली मात्र, सगळ्यांनी पाकिटं चहाच्या टपरीवर पसरली.

कागदावर छापलं होतं की बावन्नपर्यंत ठीक. फिकरीचा आकडा निघाला अठ्ठ्याहत्तर. बाकीचे कुणी साठ, कुणी पंचावन्न, कुणी चाळीस. खमीसचा सहासष्ट. तो कागद उलटासुलटा करून बघत राहिला. "मी नुसता चहा करतो," तो पुन्हा म्हणाला, पण या वेळी कुणाला सांगावं हे त्याला कळेना.

बयूमीनं आपलं पाकीट सर्वांत शेवटी उघडलं. आकडा होता सहा.

"सहा?"

"शेजारचा शून्य पुसला गेला असेल," फिकरी म्हणाला.

"पुसला गेला म्हणे! सहा! चौतीस वर्षं दगड खाऊन सहा! अरे, नाईलचं पाणी एवढं नितळ नसेल!"

त्या दिवसापासून बयूमी जमिनीवर चालेनासा झाला. दुसऱ्या गल्लीतले लोक त्याला बघायला यायचे. त्याचं रहस्य काय म्हणून विचारायचे. रहस्य असं काही नव्हतं, पण विचारणाऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवणं बयूमीच्या स्वभावात नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं, सकाळी उपाशीपोटी मुठीनं फोडलेला कांदा. दुसऱ्या दिवशी त्यात तिळाच्या ताहिनीत कालवलेली काकवी आली. तिसऱ्या दिवशी गर्दी जास्त होती, तेव्हा तो म्हणाला, "आणि तोंडाला ती फडकी बांधू नका. श्वास आत कोंडतो. आलेली भुकटी जाणार कुठून? मी कधी बांधली? आणि भुकटी दाबायला करवतीवर पाणी सोडायची थेरं बंद. हात गारठतात, चिखल होतो, दगडाचा आवाज ऐकू येत नाही."

सहाच्या आकडेवाल्यापुढे कोण बोलणार? गल्लीतले होते नव्हते ते मास्क खिळ्याला लटकले. पाण्याची नळी गुंडाळून कोपऱ्यात पडली. दुपारी बारा वाजता गल्लीत संध्याकाळ झाल्यासारखं दिसू लागलं. फिकरीनं वरवर नाकं मुरडली, पण घरी रोज दोन कांदे फोडायला लागला. चौथ्या दिवशी त्याच्या बायकोनं त्याचं अंथरूण गच्चीवर टाकलं.

गुरुवारी दवाखान्यात फिकरी गेला, खमीस गेला, बयूमी गेला नाही. "सहावाल्यानं तिथं जाऊन काय करायचं? डॉक्टरांना शिकवायचं?"

पुढच्या आठवड्यात रदवाचा फोन आला. "उस्ता, तुमचा आकडा मला झोपू देत नाही."

"कौतुकानं?"

"काळजीनं. निरोगी माणसाचाही इतका कमी येत नाही. पोरांनी भरलेल्या घरातून अजिबात आवाज येत नसेल, तर आई काय समजते? तुम्ही याच."

बयूमी टाळणार होता, पण फोन चालू असताना त्याची बायको इन्साफ शेजारी बसून मलुखियाच्या भाजीची पानं निवडत होती. ती बुटकी, गोलमटोल बाई होती आणि तिचे कान मांजराचे होते. "जायचंय," ती म्हणाली. "मीही येते."

"तू कशाला?"

"तू वाटेत कुठल्या मांजरापाशी थांबलास तर हलवायला."

म्हणजे जिन्यातलं ते थांबणं हिला माहीत होतं, हे बयूमीच्या लक्षात आलं.

दवाखान्यात आधी एक्स-रे झाला. मग रदवानं त्याच्या हातात नळी दिली. "पूर्ण श्वास घ्या आणि जोरात, संपेपर्यंत फुंका." बयूमीनं मिशा सावरल्या, छाती फुगवली, फुंकलं आणि मध्येच त्याला खोकल्याची उबळ आली. दुसऱ्यांदा फुंकलं. यंत्रावरची रेघ थोडी चढली आणि दमून बसली.

"यंत्र बिघडलंय," तो म्हणाला.

"बघू दे," इन्साफ म्हणाली. रदवानं हसून नवी नळी लावून दिली. इन्साफनं फुंकलं. रेघ अशी काही वर गेली की रदवाही बघत राहिली.

"तीस वर्षं या माणसाशी भांडतेय," इन्साफ म्हणाली. "कसरत झाली."

रदवानं काचेवर एक्स-रे लावला. छातीच्या दोन्ही बाजूंना, वरच्या भागात, बारीक पांढरे ठिपके विखुरले होते, कुणी मूठभर रवा भिरकावल्यासारखे. बयूमी ते पाहत राहिला. दगडातली कणी तो आयुष्यभर ओळखत आला होता. ही कणी ओळखायला त्याला कुणाची गरज पडली नाही.

"चित्र म्हणतं दगड आहे," रदवा म्हणाली, "आणि रक्त म्हणतं काहीच नाही. दोघांपैकी एक खोटं बोलतंय. उस्ता, पुन्हा विचारते. एखादं औषध? कुठलंही?"

"काही नाही."

"काही नाही?" इन्साफनं पिशवीत हात घातला आणि गोळ्यांचं पाकीट टेबलावर आपटलं. "मग माझ्या गोळ्या दर महिन्याला अर्ध्यातच कशा संपतात? उंदीर खातो? आणि त्या उंदराला रक्तदाब आहे का?"

बयूमीचे कान लाल झाले. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात. सहा महिने झाले, मी दोन पाकिटं आणते. तुला पुरावीत म्हणून. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही."

रदवानं पाकिटावरचं नाव वाचलं आणि ती एकदम खुर्चीतून उठली. तिला इतकं हसू आलं की चष्मा काढावा लागला. "अहो उस्ता! ही गोळी रक्तदाब कसा कमी करते माहीत आहे? मी जे एन्झाइम मोजते ना, नेमकं त्याच एन्झाइमचं तोंड बांधून! तुम्ही साक्षीदाराच्या तोंडात बोळा कोंबला आणि मग मला म्हणालात, विचार त्याला, बघ कसा गप्प आहे!"

"म्हणजे सहा..."

"सहा हा गोळीचा आकडा. तुमचा नव्हे."

मग ती बसली आणि हसणं थांबवून तिनं सगळं सरळ सांगितलं. जी भुकटी आत गेली ती बाहेर येणार नाही, तिच्यावर औषध नाही. पण आणखी जाणार नाही हे मात्र हातात आहे, आणि त्यानं खूप फरक पडतो. धूम्रपान बंद. वेगळ्या जातीची रक्तदाबाची गोळी ती शेजारच्या डॉक्टरांकडून लिहून आणेल, महिन्यानं रक्त पुन्हा तपासू. "गोळी मात्र मनानं सोडायची नाही आणि बायकोच्या पाकिटातून घ्यायची नाही."

घरी येताना मिनीबसमध्ये बयूमी खिडकीबाहेर पाहत होता. त्याला स्वतःची भीती वाटत होतीच, पण तिच्याहून वाईट दुसरंच काही होतं. खिळ्याला लटकलेले मास्क त्याला दिसत होते. चौदा माणसं. आणि त्या पाण्याच्या नळीची गुंडाळी, तिच्यावर साठलेली भुकटी.

"मी त्यांना कांदा सांगितला, इन्साफ."

"ऐकलंय. फिकरीची बायको भेटली होती."

"आता कुठल्या तोंडानं सांगू?"

"ज्यानं कांदा सांगितलास त्याच. दुसरं आहे का तुझ्याकडे?"

सकाळी कामाआधी बयूमीनं सगळ्यांना टपरीपाशी बोलावलं. फिकरीही आला, कारण बयूमी आज खाली बघत चालतोय ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. बयूमीनं सगळं सांगितलं. गोळी, सहा, एक्स-रे, नळी. बायकोनं आपल्यापेक्षा जोरात फुंकलं हेसुद्धा सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता आलं नाही.

मग फिकरीनं अगदी शांतपणे विचारलं, "म्हणजे कांदा?"

"कांदा मी मनानंच सांगितला."

"आणि काकवी?"

"ती मला आवडते."

"अरे भामट्या, अकरा दिवस मी गच्चीवर झोपतोय!"

गल्ली अशी हसली की शेजारच्या गल्लीतली माणसं बघायला आली. हसणं ओसरल्यावर बयूमी कोपऱ्यात गेला, नळी उलगडली, तोटीला लावली आणि स्वतःच्या करवतीवर धार सोडली. गार पाण्यानं त्याची बोटं आखडली. दगडाचा आवाज खरोखरच नीट ऐकू येईना. तो मनातल्या मनात दोन शिव्या हासडून कापत राहिला. थोड्या वेळानं समोरच्या कारखान्यातही पाणी पडल्याचा आवाज आला.

राहिला खमीसचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी रदवा आली, टपरीपाशी उभी राहिली आणि तिनं साखरेच्या डब्यावर बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

"साखर असेल," खमीस आशेनं म्हणाला.

"चाखून बघा."

त्यानं चाखली आणि थुंकला. टपरीच्या पाठीमागे चार पावलांवर बयूमीच्या कारखान्याचा ग्राइंडर होता आणि वारा नेहमी तिकडून इकडे यायचा. बारा वर्षं खमीस दगडाला हात न लावता दगड खात होता. त्याच्या एक्स-रेत अजून काही आलं नव्हतं, फक्त रक्तानं कुरकुर केली होती. "आणखीही कारणं असू शकतात, मी तपासत राहीन," रदवा म्हणाली, "पण तोवर ही टपरी इथं नको." त्याच दुपारी आठ जणांनी टपरी चुलीसकट उचलली आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, गल्लीच्या तोंडाशी नेऊन ठेवली. बयूमीनं एक कोपरा धरला होता. निम्म्या वाटेत त्याला थांबावं लागलं. "दम लागला," तो म्हणाला. हे दोन शब्द त्याच्या तोंडून गल्लीनं पहिल्यांदा ऐकले. फिकरीनं पुढे होऊन त्याचा कोपरा धरला.

महिन्यानं बयूमीचा नवा आकडा आला, ब्याऐंशी. फिकरीपेक्षा चारनं जास्त. "हरलास तरी पहिलाच येतोस रे," फिकरी म्हणाला. नवीन गोळीनं बयूमीचा खोकला मात्र निम्म्यावर आला, तशी त्यानं पुन्हा छाती फुगवायला सुरुवात केली. शेवटी रदवाला सांगावं लागलं, की तो कोरडा खोकला बहुतेक जुन्या गोळीचा होता. धाप दगडाची आहे, ती राहणार.

कारखान्याच्या मालकानं कुरकुर करत का होईना, त्याला करवतीवरून काढलं आणि फाटकापाशी बसवलं, येणारे दगड पारखायला. पहिला आठवडा तो चिडलेला होता. दुसऱ्या आठवड्यात त्याला कळलं की फाटकात बसून सगळ्या गल्लीला नावं ठेवता येतात.

मग एक दिवस रदवा म्हणाली, "उस्ता, नवव्या गल्लीत माझं कुणी ऐकत नाही. तुम्ही बोलाल?"

बयूमीनं इस्त्रीचा सदरा घातला. नवव्या गल्लीत तो लादीवर उभा राहून पाऊण तास बोलला. पहारेकरी पेशी कशा झुंजतात हे त्यानं दोन्ही हातांनी झुंजून दाखवलं. साक्षीदाराच्या तोंडातला बोळा आला, गच्चीवरचा फिकरी आला. माणसं पोट धरून हसली, मग गंभीर झाली. बयूमीला वाटलं, काम फत्ते.

तेवढ्यात मागून एका जाड्या कारागिरानं हात वर केला. "उस्ता, सगळं पटलं. फक्त एक विचारायचं होतं."

"विचार, विचार."

"तो आकडा सहावर आणणारी गोळी... तिचं नाव काय म्हणालात?"

रदवानं कपाळाला हात लावला. दोन-तीन महिन्यांपूर्वी आपणही हेच विचारलं असतं, हे बयूमीला पुरतं ठाऊक होतं. तो लादीवरून सावकाश उतरला, दम घेतला आणि त्या जाड्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "चल बाबा, आधी तुझी करवत दाखव. पाणी कुठून येतं तुमच्याकडे?"